दिवेलागणीनंतर

आमच्या घरात सूर्यास्त ही घड्याळातली वेळ नव्हती, स्वयंपाकघरातली होती. पंचांगात सूर्यास्त सहा त्रेपन्नचा असेल तर साडेसहाला तवा उतरलेला, पावणेसातला ताटं घासायला टाकलेली. माहेरी बार्शीला हेच, लग्न होऊन धारला आले तर तिथेही हेच. फक्त बार्शीला ज्वारीची भाकरी होती आणि इथे दाल-बाफले. रात्री का जेवायचं नाही, असं लहानपणी विचारलं की आजी म्हणायची, "अंधारात खाल्लं तर ताटातला जीव दिसत नाही. दिवा लावून खाल्लं तर दिव्यावर जीव येतात नि मरतात. मग कशाला?"

माझा मुलगा म्हणतो, यातलं पहिलं कारण आता संपलं. ट्यूबलाइटखाली डाळीतला खडासुद्धा दिसतो. बरोबर आहे त्याचं. पण आजीच्या दुसऱ्या वाक्याला त्याच्याकडे उत्तर नाही, आणि मी गेली काही वर्षं त्या दुसऱ्याच वाक्यापाशी अडून बसले आहे.

आमचं किराणा आणि धान्याचं दुकान तिरल्याला. धारहून निघालं की पंधरा-वीस मिनिटांत येणारं गाव. मराठी वाचकांपैकी कुणी हे नाव ऐकलं असेल तर ते मराठ्यांच्या माळव्यातल्या स्वाऱ्यांमुळे. मल्हारराव होळकर, दयाबहादूर आणि तिरल्याची लढाई. आज तिथे जाऊन लढाईची खूण विचारलीत तर लोक चहा पाजतील आणि सोयाबीनचा भाव सांगतील. पावसाळ्यात सोयाबीन, हिवाळ्यात गहू-हरभरा, मधूनमधून महू आणि पळस. दक्षिणेकडे गेलं की माळव्याचं पठार संपत येतं, दऱ्या लागतात, मांडू लागतं आणि त्याखाली निमाड.

सोयाबीन आणि गव्हाच्या हंगामात माल उतरवून घ्यायला घरातल्या कुणाला तरी दुकानामागच्या खोल्यांत मुक्कामाला राहावं लागायचं. पुष्कळ वर्षं ते सासूबाईंनी केलं आणि त्यांच्याबरोबर मी. जेवण सूर्य असतानाच उरकलेलं, टीव्ही नाही, त्यामुळे रात्र फार लांब व्हायची. त्या लांब रात्रींमुळेच मला कळलं की गाव झोपलं म्हणजे सगळं झोपत नाही. आमच्या जुन्या गोदामाच्या माळ्यावर गव्हाणी घुबडाचं जोडपं होतं, पांढऱ्या बदामी तोंडाचं. हमालांना ते अपशकुनी वाटायचं. सासूबाईंना मात्र त्याचा हिशेब ठाऊक होता. त्या म्हणायच्या, "हा आपला बिनपगारी चौकीदार. उंदीर हा खातो म्हणून मला औषध ठेवावं लागत नाही." विष ठेवायचं नाही हा धर्म आणि पोती सांभाळायची हा धंदा, दोन्हींची सोय त्या घुबडाने केली होती.

गव्हाला पाणी द्यायची वीज बहुतेक रात्रीची यायची. थंडीत कानाला मफलर गुंडाळून, टॉर्च घेऊन गडी मोटर चालू करायला जायचे आणि सकाळी दुकानात बसून रात्रीच्या गोष्टी सांगायचे. वाटेवर बसलेला रातवा पायाशी येईपर्यंत उठतच नाही. साळिंदराने हरभऱ्याचा कोपरा उकरला. नाल्याच्या काठाला तरस दिसलं, मागचे पाय आखूड, जणू चढावर चाललंय. मेलेलं जनावर गावाबाहेर टाकलं की दोन दिवसांत साफ. कोण करतं? तोच तरस, तेच कोल्हे. एक म्हातारा गडी म्हणायचा, आपण सकाळी उठून गाव झाडतो, ते रात्री उठून शिवार झाडतात.

हे प्राणी मुळातच रात्रीचे, असं मी समजत होते. काही आहेतच. पण 2018 साली एका विज्ञान-नियतकालिकात आलेल्या अभ्यासाबद्दल वाचलं आणि मी पुस्तक मिटल्यासारखी गप्प झाले. केटलिन गेनॉर ही संशोधक आणि तिचे सहकारी. सहा खंडांतली 62 जातींची सस्तन जनावरं, 76 अभ्यासांतली माहिती. निष्कर्ष असा की जिथे माणूस असतो तिथे जनावर आपली हालचाल रात्रीकडे ढकलतं. जे आधी अर्धा वेळ दिवसा आणि अर्धा वेळ रात्री वावरत होतं, ते माणसाजवळ जवळजवळ 68 टक्के वेळ रात्रीचं होतं. आणि माणूस शिकार करतोय की नुसता फिरायला आलाय, याने फारसा फरक पडत नाही. आपण नुसते दिसलो तरी पुरे.

म्हणजे दिवस आपण घेतला. भांडणतंटा न करता ते रात्रीत राहायला गेले. एका घरात दोन भाऊ वेगळे राहतात तसं. स्वयंपाकघर एकच, पण वेळा वेगळ्या. महाराष्ट्रात अकोले तालुक्यात विद्या अत्रेय यांनी हेच दाखवून दिलं आहे. उसाच्या शेतांचा, दाट वस्तीचा तो भाग; एका चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं. तिथे कॅमेरे लावले तर शंभर चौरस किलोमीटरला साधारण पाच प्रौढ बिबटे आणि जवळजवळ तेवढेच तरस. 2013 साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा शहरात राहणाऱ्यांना धक्का बसला. शेतकऱ्यांना काही फार बसला नसावा. आपलं आवरून आपण आत गेलो की त्यांचं सुरू होतं, हा अलिखित करार त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

आता तो करार आपण मोडतोय, आणि मोडताना आपल्याला ते कळतही नाही, कारण ज्याने मोडतोय ती वस्तू वाईट नाहीच. उजेडाला वाईट कोण म्हणेल? तिरल्याच्या गल्लीत पहिल्यांदा खांबावर दिवा लागला तेव्हा बायकांना रात्री घराबाहेर पडायची केवढी सोय झाली. विंचू-सापाची भीती कमी झाली. हे सगळं मला मान्य आहे. आमच्याकडे वीज गेली तर मीच आधी बोंब मारते. माझी तक्रार खांबावरच्या दिव्याबद्दल नाही. जो दिवा कुणासाठीच जळत नाही, त्याच्याबद्दल आहे. एलईडी स्वस्त झाले, बिल कमी येतं, म्हणून जिथे एक बल्ब होता तिथे चार झाले, पिवळ्याचे पांढरेफेक झाले, आणि खाली रस्त्यावर पडायचा तो उजेड चहूकडे, आभाळातसुद्धा जायला लागला. आमच्या मंदिरांच्या शिखरांवरही आता बाराही महिने माळा असतात. ज्या महाराजांच्या दर्शनाला आपण जातो ते स्वतः दिवा लावत नाहीत, सूर्य उगवल्याशिवाय विहाराला पाऊल उचलत नाहीत, आणि त्यांच्या स्वागताची कमान मात्र रात्रभर लखलखत असते. ही विसंगती मी एकदा बायकांच्या मंडळात बोलून दाखवली. दोघींनी मान डोलावली, बाकीच्यांनी विषय बदलला.

दिव्यावर झेपावणाऱ्या पतंगाबद्दल कवींनी किती लिहिलंय! प्रेम, समर्पण, जळून जाणं. 2024 च्या जानेवारीत एक संशोधन प्रसिद्ध झालं, त्यात यश सोंधी हा भारतीय तरुणही होता. त्यांनी किड्यांचं दिव्याभोवतीचं उडणं अतिवेगवान कॅमेऱ्यांनी टिपलं. किडा दिव्याकडे ओढला जातच नाही, असं दिसलं. उडताना तो पाठ उजेडाकडे ठेवतो, बस एवढंच. कोट्यवधी वर्षं रात्री वरचं आकाश खालच्या जमिनीपेक्षा उजळ होतं, त्यामुळे पाठ उजेडाकडे ठेवली की आपण सरळ आहोत हे त्याला कळायचं. आपण बाजूला दिवा लावला, की तो त्या दिव्याकडे पाठ करायला कलतो, परत कलतो, फिरत राहतो. दिवा त्याच्या खाली असेल तर उलटा होऊन पडतो. बिचाऱ्याला वर कुठलं आणि खाली कुठलं तेच कळेनासं होतं. प्रेमबिम काही नाही. आजीला हे शास्त्र माहीत नव्हतं, पण "दिव्यावर जीव येतात नि मरतात" एवढं तिच्या हिशेबाला पुरेसं होतं. आम्ही जयणा म्हणतो ती हीच. पाणी गाळून घ्यायचं, चूल पेटवण्याआधी झटकून बघायची, दिवा उघडा ठेवायचा नाही. पण ही सगळी जयणा आपल्या ताटापुरती आणि उंबऱ्यापुरती राहिली. आपण साडेसहाला जेवून मोकळे, आणि अंगणातला फोकस सकाळपर्यंत चालू.

आता झाडाची गोष्ट सांगते. धार-मांडूकडे आलेल्या प्रत्येकाने ते झाड पाहिलेलं असतं. बुंधा एवढा जाड की चार-पाच माणसांच्या कवेत मावत नाही, वर्षातला बराच काळ फांद्या बोडक्या, मुळं वर करून कुणीतरी उलटं रोवल्यासारखं. मराठीत गोरखचिंच. इथले लोक मांडवची इमली किंवा खुरासानी इमली म्हणतात. झाड मूळचं आफ्रिकेतलं. सुलतानांच्या काळात, तिकडून आलेल्या माणसांबरोबर आणि व्यापाराबरोबर ते मांडूला पोहोचलं असं मानतात. आमच्या तिरल्याच्या शेताच्या बांधावर एक आहे, रस्त्याच्या अंगाला. सासऱ्यांच्या आजोबांच्या आठवणीतही ते एवढंच होतं म्हणतात.

पावसाच्या तोंडावर त्याला पानं येतात आणि फुलं येतात. फूल मोठं, पांढरं, लांब देठावर खाली डोकं करून लोंबणारं, आणि ते उमलतं संध्याकाळी. मी बसून पाहिलंय. दिवेलागणीला कळी फुगते, अंधार पडता पडता पाकळ्या मागे वळतात. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फूल मलूल होऊन गळतं. वास काही गुलाबाचा नाही, आंबूस, नको वाटेल असा. पण तो आपल्यासाठी नसतोच. तो वटवाघळासाठी. या फुलाचा सगळा संसार एका रात्रीचा. बहुतेक वेळा याला स्वतःचा पराग चालत नाही, दुसऱ्या झाडाचा लागतो, आणि दुसरं झाड असतं दूर, कधी पलीकडच्या गावात. एका रात्रीत एवढं अंतर कापून तोंडाला-छातीला पराग माखून येणारं दुसरं कोण आहे?

वटवाघूळ आंधळं असतं ही आपली आवडती समजूत. फळं आणि फुलांवर जगणाऱ्या वटवाघळांचे डोळे चांगले टपोरे असतात. ती नजरेने आणि वासाने वाट काढतात. अंधुक चांदण्यात नीट दिसणाऱ्या त्या डोळ्यांवर आपण फोकस मारतो. मादीला वर्षाला बहुधा एकच पिल्लू. उंदरासारखी त्यांची भरपाई होत नाही. आणि आपला कायदा? 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळं खाणारी वटवाघळं कावळा, उंदीर, घुशींच्या रांगेत होती, उपद्रवी म्हणून. कुणीही मारावीत, गुन्हा नाही. भारतातल्या सव्वाशेच्या आसपास जातींपैकी दोनच जातींना वरच्या दर्जाचं संरक्षण होतं. त्यातली एक आपल्या बेळगावच्या खानापूर तालुक्यातल्या बारापेडे गुहेतली. 2022 च्या दुरुस्तीत ती उपद्रवी प्राण्यांची यादीच काढून टाकली, तेव्हा कुठे पन्नास वर्षांचा तो शिक्का गेला.

शिक्का कागदावरून गेला म्हणून मनातून जात नाही. 2018 मध्ये केरळात निपाह आला, 2020 मध्ये कोरोना. दोन्ही वेळी बोट वटवाघळाकडे. पुण्याच्या विषाणू संस्थेने महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाहच्या खुणा सापडल्याचं 2021 मध्ये सांगितलं, तेव्हा बातम्यांचे मथळे असे होते की जणू ती गुहेतून निघून थेट पुण्याच्या बसमध्ये बसणार आहेत. तिरल्याला ही बातमी पोहोचायच्या आधीच, 2020 च्या उन्हाळ्यात, आमच्या विहिरीजवळच्या वडावर दिवसा लटकणाऱ्या वटवाघळांना हाकलायला सात-आठ पोरं सुतळी बाँब घेऊन आली. सासूबाई तेव्हा ऐंशीच्या पुढे होत्या. मास्क हनुवटीवर ओढून त्या ओट्यावर येऊन बसल्या आणि पोरांना विचारलं, "हाकला. पण जातील कुठे ते ठरवलंय का? तुझ्या घरावर जातील की तुझ्या?" पोरं एकमेकांकडे बघायला लागली. "इथे बसलीत तर निदान कुठे आहेत ते ठाऊक तरी आहे."

त्या बोलल्या ते नुसतं चातुर्य नव्हतं. ऑस्ट्रेलियात पंचवीस वर्षांच्या नोंदी तपासून काढलेला निष्कर्ष 2022 मध्ये प्रसिद्ध झाला: जंगल तुटलं, फुलोरा आटला, की वटवाघळं भुकेने माणसांच्या आणि घोड्यांच्या जवळ येतात, आणि रोग उडी मारतो तो तेव्हा. जिथे त्यांना हिवाळ्यात पोटभर फुलं मिळाली तिथे ती वस्तीकडे फिरकलीही नाहीत आणि रोगही आला नाही. सासूबाईंनी हे वाचलं नव्हतं. त्या 2021 च्या मार्चमध्ये गेल्या. वड अजून आहे, त्यावरची वटवाघळंही.

बाँबने जे झालं नाही ते पुढे वेगळ्याच वाटेने व्हायला लागलं. रस्ता रुंद झाला, वाहनं वाढली, आणि आमच्या शेताला लागून एक ढाबा आला. मालक चांगला माणूस, राजस्थानकडचा. ढाब्याच्या गच्चीवर त्याने चार फोकस लावले. एलईडीच, पण इकडे अजून सगळे त्याला हॅलोजनच म्हणतात. त्यातले दोन थेट गोरखचिंचेवर. त्याला वाटलं, एवढं अजब झाड उजळलं तर इंदूरच्या गाड्या फोटोसाठी थांबतील. आणि खरंच थांबायच्या.

त्या झाडाची फळं आम्ही विकत नाही. पलीकडच्या पाड्यातली एक भिलाली बाई दरवर्षी थंडीत ती उतरवून नेते, आपल्या वाट्यातली टोपलीभर आम्हाला देते, बाकीची फोडून त्यातला आंबट पांढरा गर पुड्या बांधून मांडूच्या रस्त्याला विकते. हिवाळ्याच्या चार महिन्यांत तिच्या हातात रोख पैसा येतो तो यातूनच. फोकस लागल्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात ती दुकानात आली. म्हणाली, "सेठाणी, यंदा पाच पोती व्हायची तिथे अडीच झाली. आणि उजेडाकडच्या फांद्यांना फळच नाही. अंधाराच्या बाजूला आहे."

मी जाऊन पाहिलं. तिचं खरं होतं. ढाब्याकडची बाजू जवळजवळ रिकामी, शेताकडच्या बाजूला फळं लोंबत होती. एका झाडावरून सिद्धांत मांडू नये, एवढं मला कळतं. पाऊस उशिरा आला असेल, झाड थकलं असेल. पण जूनमध्ये मी तीन रात्री त्या बांधावर खुर्ची टाकून बसले. मोठाली वटवाघळं यायची, काळोख्या बाजूच्या फुलांना लगटायची, फोकसच्या बाजूला आली की वळून जायची. तिन्ही रात्री हेच. त्या बाईला हे सांगायची गरज पडली नाही.

या झाडांसाठी लोक लढत नाहीत असं नाही. 2022 च्या सुमारास मांडूच्या परिसरातली जुनी गोरखचिंचेची झाडं मुळांसकट उपटून हैदराबादकडे न्यायचा घाट घातला गेला, तेव्हा गावकऱ्यांनी विरोध केला, प्रकरण उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापर्यंत गेलं. छान झालं. झाड दिसतं, त्याला नाव आहे, त्याचा फोटो निघतो. त्याच्याकडे रात्री कोण येतं हे त्या सगळ्या गदारोळात मला कुठे वाचायला मिळालं नाही. वटवाघळाची बाजू कोण घेणार? बाघच्या लेण्यांतही तेच. धार जिल्ह्यातलीच ती. दीड हजार वर्षांपूर्वीची चित्रं, नंदलाल बोसांनी ज्यांच्या नकला उतरवल्या होत्या. ठिसूळ दगड आणि झिरपतं पाणी यांनी ती चित्रं खाल्ली. 1982 मध्ये उरलेली काढून संग्रहालयात ठेवावी लागली. पण तिथे गेलं की येणारा प्रत्येक जण नाकाला रुमाल लावून दोष देतो तो छताला लटकलेल्यांना.

ढाबेवाल्याकडे मी गेले. फुलं, पराग, वटवाघूळ, सगळं सांगितलं. तो नम्रपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "भाभीजी, अंधारात ट्रक थांबत नाही." बरोबरच होतं त्याचं, त्याची पोरं शाळेत जात होती त्या ट्रकांवर. मग मी विचारलं, पावसाळ्यात गिऱ्हाईक कसं असतं? त्याने कपाळावर हात मारला. डाळीत किडे, रोटीवर किडे, ग्लासात किडे. जुलैत दिवे बंद करून मेणबत्तीवर जेवायला घालायची पाळी येते, लोक उठून जातात. मला आजी आठवली आणि हसू आवरेना. मी म्हटलं, मग उजेड जेवणावर कशाला? रस्त्याच्या टोकाला दिवा ठेवा, ट्रकला लांबून दिसेल. जेवायच्या बाजूला पिवळा, कमी, वर पत्र्याची टोपी, म्हणजे तो खालीच पडेल. पिवळ्यावर किडे कमी येतात. आणि झाडावरचे दोन काढाच, त्यांनी सगळ्या शिवारातले किडे तुमच्या पत्र्यावर गोळा होतात.

पराग जे करू शकला नाही ते डाळीतल्या किड्याने केलं. टोप्या आमच्या दुकानाच्या पत्र्यातून कापल्या, सगळा खर्च साडेसातशे रुपये.

यात मी काही नवं शोधलं नाही. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला 2024 च्या जानेवारीत भारतातलं पहिलं काळोख्या आकाशाचं उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, ती अशाच साध्या कामावर. आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलले, त्यांची तोंडं खाली केली. कुणाला अंधारात ठेवलं नाही. मुख्य हेतू तारे दिसावेत हा होता, पण तारे ज्याला दिसतात त्याला रात्रही मिळते, मग तो माणूस असो की रातवा.

याच्या उलट चित्र मी भंडारदऱ्याला पाहिलं. भाच्याने हौसेने नेलं, काजवे बघायला. मे संपत आला की तिथल्या हिरडा-बेहडा-सादड्याच्या झाडांवर लाखो काजवे एका तालात चमकतात. नर चमकून मादीला हाक मारतो, तिने पाहून उत्तर द्यायचं. सगळं बोलणं उजेडाचं. त्या रात्री डोंगरात गाड्यांची एवढी रांग होती की हेडलाइटच्या झोतात त्यांची बोलणी बुडून गेली. लोक मोबाइलचा फ्लॅश मारून काजव्यांचा फोटो काढत होते. फोटोत फ्लॅशच येतो, काजवा येत नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं का? वन विभागाने आता नियम केलेत, टॉर्च नको, फ्लॅश नको, झाडाजवळ जायचं नाही. नियम पाळले जातील तिथे बरं होईल. पण ज्याचं कौतुक म्हणून जायचं त्याचंच लग्न मोडून परत यायचं, हा कुठला सोहळा? भाचा रुसला माझ्यावर. मी गाडीतून उतरलेच नाही.

आणि दिवाळी. आमच्याकडे ती निर्वाणाची रात्र, फटाका लावत नाहीत. पण त्याच दिवसांत घुबडं पकडली जातात, लक्ष्मीसाठी, जादूटोण्यासाठी. वन्यजीव-व्यापारावर नजर ठेवणाऱ्या संस्थेचा 2010 चा अहवाल सांगतो की भारतातल्या तीस जातींच्या घुबडांपैकी पंधरा या बाजारात सापडली. आमच्या गोदामातलं जोडपं मी मुद्दाम कुणाला दाखवत नाही. आपल्याकडे ज्या घुबडाचं खरं कौतुक झालं तो रानपिंगळा. एकशे तेरा वर्षं कुणाला दिसला नव्हता, 1997 मध्ये नर्मदेपलीकडे शहाद्याजवळ पुन्हा सापडला. मला गंमत वाटते ती याची, की तो दिवसा बाहेर पडणारं घुबड आहे. आपल्या वेळेला आला म्हणून आपल्याला सापडला.

टोप्या लावल्यानंतरच्या हिवाळ्यात साडेतीन पोती झाली. भिलालीण म्हणाली, झाडाला एक वर्ष आणखी द्या. ते देण्याआधीच नवी बातमी आली. रस्त्यापलीकडची जमीन विकली गेली आहे, तिथे पेट्रोल पंप येतोय. घेणाऱ्याने नकाशा दुकानात आणून दाखवला, शेजारी म्हणून, पेढ्यांसहित. छताखाली दिव्यांच्या ओळी, आणि झाडाच्या बाजूला चार उंच खांब. माणूस ऐकून घेणारा वाटतो. म्हणाला, एकदा येऊन समजावून सांगा, इंजिनिअरला बोलवतो. मी म्हटलं, तुम्हीच या आमच्या बांधावर, जूनच्या पहिल्या पावसानंतर, रात्री साडेआठला. जेवण मात्र सहालाच मिळेल.